मी कुठे वळणार, ते मोटरलाच ठाऊक

मी एक चकती आहे. वीतभर रुंद, बोटभर जाड, आणि गेल्या डिसेंबरपासून जरा डोकं फिरलेली. तुम्ही म्हणाल, चकतीला कुठे डोकं असतं? नसतं. पण बाकीचं सगळं अंग फिरतं म्हटल्यावर डोकं तरी कशाला मागे राहील!

चेक देशातल्या खोत्सेन गावात, सोकोल या व्यायामसंघाच्या व्यायामशाळेमागे, छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळाची एक खोली आहे. तिथे बारा मीटर लांब टेबलावर एक छोटं जग मांडलेलं आहे. त्यात कापसाचा धूर सोडणारी घरं आहेत, चर्च आहे, पूल आहे, कोबीचं शेत आहे, आणि सगळीकडून धावणारे रूळ आहेत. तळहाताएवढी इंजिनं त्यावरून पळतात. स्टेशनातून इंजिन आलं की ते माझ्या अंगावर चढतं, मी त्याला घेऊन वळते, आणि ते आपल्या शेडमध्ये जाऊन विसावतं. माझ्याभोवती सहा रूळ आहेत. एक स्टेशनचा, पाच शेडचे. मी नसेन तर इंजिनं स्टेशनातच एकमेकांच्या पाठीला नाक लावून बसतील. हा गर्व नाही, खरं तेच सांगतेय.

मला घडवलं स्लावेक हेज्लरने. तो दूध डेअरीच्या यंत्रांचा फिटर होता. आता चौऱ्याहत्तरचा आहे, पण मला बनवलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. माझ्याखालचा गोल खड्डा म्हणजे त्याच्या बायकोचा, यिंद्राचा, केकचा साचा. माझ्यावरच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, आणि मला फिरवायचा दांडा जुन्या कॉफीच्या गिरणीचा. साचा हरवल्यावर यिंद्राने आठवडाभर घर पालथं घातलं. पुढच्या प्रदर्शनात ती मला बघायला आली, वाकली, आणि म्हणाली, "स्लावेक, यात मी तुझ्या आईच्या साठीचा केक केला होता." तो म्हणाला, "बघ ना, किती छान बसलाय!" त्या दिवशी त्याला घरी जेवण मिळालं की नाही, मला माहीत नाही.

तीस वर्षं त्याने मला हाताने फिरवलं. प्रत्येक ॲडव्हेंटमध्ये, नाताळाच्या आधीच्या त्या आठवड्यांत, आमचं टेबल तुकड्या-तुकड्यांनी व्यायामशाळेत जायचं आणि शनिवार-रविवार अख्खं गाव बघायला यायचं. स्लावेक माझ्याशेजारी लाकडी स्टुलावर बसायचा. दांडा हळूच फिरवायचा, एक डोळा मिटून माझा रूळ समोरच्या रुळाला भिडवायचा. केसाचंही अंतर राहायचं नाही. लोक इंजिनांचं कौतुक करायचे. इंजिनं म्हणजे शेवटी नुसती चालणारी. पण बोलायचं कुणाला?

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला.

त्याने कुणाला सांगितलं नाही. यिंद्राला कळलं, कारण सूप बशीत कमी आणि टेबलावर जास्त पडायला लागलं. मंडळात तो हात खिशात ठेवून यायचा. गुरुवारी सगळे बूट काढून सपाता घालून कामाला बसत, तेव्हा हा सपातासुद्धा एका हाताने घालायचा. मला मात्र कळत होतं. दांड्यातून त्याची थरथर थेट माझ्या पोटात यायची. इतका हुशार हात, आणि आता माझ्यावर येऊन नुसता फडफडायचा. मला फार वाईट वाटायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी प्रदर्शनात मी केसभर अलीकडे थांबले. केसभरच! पण माझ्या अंगावर नेमकी मोठी बाई होती. मोठी बाई म्हणजे आमच्या अध्यक्षांचं, राडोवान प्लोत्सेक यांचं इंजिन. काळंभोर, तांबड्या चाकांचं, चार हिवाळे खपून हाताने घडवलेलं. प्लोत्सेक तिची धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झटकतात. सख्ख्या बायकोकडे ते इतक्या प्रेमाने बघत असतील असं मला वाटत नाही. ती बाई रुळावरून घसरली, कुशीवर पडली आणि तिचा पुढचा दिवा फुटला.

प्लोत्सेक त्या दिवशी काही बोलले नाहीत. गेल्या सप्टेंबरात बोलले.

"हेज्लरसाहेब, मी तयार चकती मागवलीय. मोटरची. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी येईल."

"प्रदर्शन त्याच्या आदल्या शनिवारी आहे," स्लावेक म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. हे प्रदर्शन तुमचं. यात तुमची चकती बिनचूक थांबली, तर मी पेटी परत पाठवतो. नाही थांबली, तर तुमची चकती तुम्ही घरी न्या. आठवण म्हणून."

आठवण म्हणून! मी अजून जिवंत होते हो. आणि मी घरी, तर स्टूलही घरी, आणि स्टुलावरचा माणूसही. प्लोत्सेकांना ते सुचलं नसेल, पण स्लावेकला तिथल्या तिथे कळलं. त्याचा चेहरा पडला.

तो घरी गेला, आणि त्याने ठरवलं की मला घरी आणून मोटर बसवायची. बटण दाबायला काय, थरथरता हातही पुरतो.

आता स्लावेक दुकानात जाईल तर शपथ. त्याच्या शेडमध्ये चाळीस डबे आहेत आणि चाळीसही डब्यांत 'कधीतरी लागेल' अशा वस्तू आहेत. पण मला चालेल अशी हळू मोटर एकाही डब्यात नव्हती. तेव्हा त्याची नजर दाराशी ठेवलेल्या जुन्या मायक्रोवेव्हवर गेली. यिंद्राने नवा आणला होता. जुना दाराशी होता तो फेकायला नव्हे. इथे घरातली कुठलीही वस्तू म्हातारी झाली की ती डोंगरातल्या सुट्टीच्या झोपडीवर राहायला जाते. फ्रीज, गाद्या, चहाची भांडी, सासरे, सगळेच. तो मायक्रोवेव्हही रविवारी झोपडीवर निघाला होता. स्लावेकला वाटलं, भंगार आहे. त्याने तळाचं झाकण उघडलं, काचेची ताटली फिरवणारी मोटर काढली, आणि झाकण पुन्हा व्यवस्थित लावून ठेवलं. फिटर होता ना. स्क्रूसुद्धा जागच्या जागी.

यिंद्राने तो मायक्रोवेव्ह झोपडीवर नेला आणि त्यात उकडलेल्या कणकेचे क्नेडलिक गरम केले. एका बाजूने चटका, दुसऱ्या बाजूने बर्फ. "म्हातारा झालाय बिचारा," ती म्हणाली. स्लावेकने मान खाली घालून गार बाजू खाल्ली.

इकडे माझ्या पोटात मोटर बसली! काय सांगू तुम्हाला. तीस वर्षं कुणीतरी फिरवलं तर फिरायचं, आणि आता आतून आपलं आपण गुर्रर्र! मिनिटाला तीनच फेऱ्या, पण मला वाटलं, मी जत्रेतल्या पाळण्यावर बसलेय. मोटर घरच्या विजेची, म्हणून त्याने ती जाड प्लास्टिकच्या डबीत नीट कोंडली. माझ्या कडेला सहा खाचा पाडल्या, प्रत्येक रुळासाठी एक. डब्यांत सापडलेली एक खटक्याची कळ कडेवरून सरकत यायची आणि खाच आली की टक् करून आत पडायची. मोटर बंद, मी थांबलेली, रुळाला रूळ भिडलेला. केसभरही फरक नाही.

त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर पाच वेळा बटण दाबलं. पाचही वेळा मी उजवीकडे वळून शेजारच्या खाचेत अलगद बसले.

"झालं!" तो म्हणाला आणि त्याने माझ्या मधोमध टिचकी मारली. इतका खूश मी त्याला कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

आता हसू नका. इथे एक गोष्ट आहे, आणि ती डेअरीच्या फिटरला माहीत असायचं कारण नाही. मायक्रोवेव्हच्या या मोटरला दिशा नसते. सुरू होताना मनाला येईल तिकडे निघते, डावी म्हणाल तर डावी, उजवी म्हणाल तर उजवी. ताटलीवरच्या सूपला काय फरक पडतो? कुठूनही फिरलं तरी गरमच होतं. त्या दिवशी पाचही वेळा ती उजवीकडे गेली हा निव्वळ योगायोग.

शनिवार उजाडला. व्यायामशाळा भरली. दाराशी मंडळातल्या बायकांनी व्हॅनिलाच्या चंद्रकोरी बिस्किटांचे डबे मांडले होते, यिंद्राही तिथेच होती. स्लावेक इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर, उजवा हात खिशात, डावा बटणावर. प्लोत्सेक छापील वेळापत्रक हातात घेऊन उभे. दहा वाजता मोठी बाई नवा दिवा लावून स्टेशनातून निघाली, माझ्यावर चढली आणि थांबली. तिचं घर माझ्या उजवीकडे, एक नंबरची शेड.

स्लावेकने बटण दाबलं. मी निघाले. डावीकडे.

खाच आली, टक्, मी थांबले. अगदी बिनचूक थांबले, फक्त पाच नंबरच्या शेडसमोर. तिथे एक पिवळं डिझेल इंजिन आधीच मुक्कामाला होतं. प्लोत्सेकांनी सवयीने बाईला पुढे सोडलं होतं. ठक्! डिझेल शेडच्या मागच्या भिंतीतून अर्धं बाहेर.

"हेज्लरसाहेब!"

"एक मिनिट," स्लावेक म्हणाला. बाई मागे येऊन माझ्यावर उभी राहिली. त्याने पुन्हा बटण दाबलं. मी पुन्हा डावीकडे. मग उजवीकडे. मग उजवीकडे. मग, देवा, पुन्हा डावीकडे! मला थांबवा, मला गरगरतंय, असं ओरडावंसं वाटत होतं, आणि खरं सांगू? मजाही येत होती. मोठी बाई माझ्या अंगावर उभी राहून दुसऱ्यांच्या शेडची दारं बघून आली, आपल्या घराशी तेवढी पोचली नाही.

लोक हसायला लागले. एक पोट सुटलेले गृहस्थ बिअरचा ग्लास घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "आता उजवीकडे. दोन बिस्किटं लावतो."

"डावीकडे. तीन," एक आजी म्हणाल्या.

मी डावीकडे गेले. आजींनी बिस्किटं पर्समध्ये टाकली. दहा मिनिटांत माझ्याभोवती एवढी गर्दी झाली की कोबीचं शेत कुणाच्या तरी कोपराखाली गेलं. "डावी!" "उजवी!" "ए, ढकलू नका!" यिंद्राचे दोन डबे रिकामे झाले, म्हणून ती काय चाललंय ते बघायला आली. गर्दीत शिरली, कान दिला आणि जागीच थांबली.

"हा आवाज मी ओळखते," ती म्हणाली. "हा माझ्या मायक्रोवेव्हचा आवाज आहे."

स्लावेकने तिच्याकडे बघितलंच नाही.

"स्लावेक. माझ्याकडे बघ. म्हणजे तीन महिने मी त्या झोपडीवर अर्धे गार क्नेडलिक खातेय ते यासाठी? आधी केकचा साचा, आता मायक्रोवेव्ह! उद्या माझं शिवणाचं मशीन पण दे बसवून, पूल उघडेल तुमचा!"

लोक पोट धरून हसले. मी पण हसले असते. पण मी स्लावेकच्या इतकी जवळ होते की मला त्याचा चेहरा दिसत होता. तो पांढराफटक पडला होता. सगळे हसत होते, आणि त्याचं स्टूल त्याच्याखालून निघून चाललं होतं.

प्लोत्सेक वाकून हळू आवाजात म्हणाले, "हेज्लरसाहेब, पुरे. दुपारनंतर शेडची बाजू बंद ठेवू. सोमवारी पेटी येतेच आहे."

"एकदा. शेवटचं एकदा, राडोवान."

"एकदाच."

मोठी बाई माझ्यावर होती. समोरचा रूळ स्टेशनचा, उजवीकडे तिचं घर. स्लावेकने बटण दाबलं आणि मी, दळभद्री, डावीकडे निघाले. मला थांबता येत नव्हतं हो! तेव्हा त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला. मुद्दाम नाही, पडणारा कप धरायला जातो तसा. मी खाचेतून पुरती सुटायच्या आत बोट माझ्या कडेला टेकलं. बोट थरथरत होतं, माझ्या कडेवर फडफड, फडफड. पोटातली मोटर दचकली, अडखळली आणि उलटी फिरली. उजवीकडे!

खाच आली. टक्. बाई एक नंबरच्या शेडसमोर. ती डौलात आत गेली.

मग त्या आजी म्हणाल्या, "ही फसवणूक आहे. त्यांनी हात लावला."

"पुन्हा," प्लोत्सेक म्हणाले.

पुन्हा केलं. बरोबर निघाले तर बोट नाही, चुकीचं निघाले तर बोट. बारा वेळा बाई बाहेर आली, बारा वेळा घरी गेली. प्लोत्सेकांनी वेळापत्रक खाली ठेवलं. "सरका, मला बघू द्या," म्हणत त्यांनी स्वतः बटण दाबलं. मी डावीकडे निघाले. त्यांनी आपलं जाड बोट लावलं. मी थांबले आणि नुसती गुंगुं करत राहिले. त्यांनी बोट उचललं, मी पुन्हा डावीकडेच.

"तुम्ही दाबताय," स्लावेक म्हणाला. "नुसतं टेकवायचं."

"टेकवलंच की."

"असं नाही. माझ्यासारखं."

"तुमच्यासारखं म्हणजे कसं?"

स्लावेकने एकदा यिंद्राकडे बघितलं. मग उजवा हात सगळ्यांच्या समोर धरला आणि तसाच ठेवला. व्यायामशाळेच्या दिव्यांखाली तो हात पानासारखा हलत होता.

"असं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. थांबत नाही. म्हणून तुझी बाई पडली, राडोवान. मी सांगायला हवं होतं."

प्लोत्सेकांनी बटणावरचं बोट काढलं. "मला वाटलं, तुम्ही प्यायला होतात," ते म्हणाले.

"अर्धी बिअर! अर्ध्या बिअरने मला काय होतंय!"

"अर्धीच होती," यिंद्रा म्हणाली. "मी दिली होती." आणि तिने रुमाल काढला. बिअरसाठी नसावा.

प्लोत्सेकांनी मान वर केली आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडले, "शेडची बाजू दिवसभर चालू राहील! हेज्लरसाहेबांना एक कॉफी आणा. आणि कुणीतरी कोबीच्या शेतावरून कोपर काढा!"

एवढ्यावर सगळं छान झालं असतं. पण रविवारी वेगळीच पंचाईत झाली. लोक पैज लावायला घरून बिस्किटांचे डबे घेऊन आले, आणि मी दर वेळी शहाण्यासारखी उजवीकडे. कुणाला मजा येईना. शनिवारच्या आजी तर चिडून म्हणाल्या, "काल बरी होती, आज बिघडली."

मग स्लावेक मिशीत हसला आणि त्याने हात खिशात घातला. या वेळी मजेने. "लावा पैज," तो म्हणाला. पुढचा तासभर मला कुणी हात लावला नाही, आणि मी कुठे कुठे गेले विचारू नका. प्लोत्सेकांनी अकरा चंद्रकोरी लावल्या आणि अकराही हरले. मोठी बाई दोनदा डिझेलच्या घरी जाऊन आली. आता टेबलावर दोघांविषयी बोललं जातं.

तयार चकतीची पेटी सोमवारी आली आणि मंगळवारी परत गेली. यिंद्राचा मायक्रोवेव्ह दुरुस्त झाला नाही. झोपडीवर ती आता क्नेडलिक मध्येच थांबून हाताने फिरवते आणि दर वेळी माझं नाव घेते. चांगलं नाही घेत.

हे मी तुम्हाला मार्चमध्ये सांगतेय, मंडळाच्या खोलीतून, एका गुरुवारी. स्लावेकचा कंप वाढलाय. सपाता घालताना प्लोत्सेक त्याच्यापुढे खाली बसतात आणि गप्पा मारता मारता त्याच्या पायात सरकवतात. दर गुरुवारी प्लोत्सेक माझ्याशेजारी बसून बोट हलवायचा सराव करतात. जमत नाही. फार निरोगी हात आहे त्यांचा.

मला एकच धास्ती आहे, ती सांगून टाकते. एखाद्या गुरुवारी ते स्टूल रिकामं राहील. तेव्हा मी डावीकडे जाईन, मग उजवीकडे जाईन, आणि मला परत वळवणारं कुणी नसेल. म्हणून तुम्ही कधी खोत्सेनला आलात, तर व्यायामशाळेमागे या. दाराशी बूट काढा. आणि तुमचा हात थरथरत असेल, तुम्ही तो खिशात लपवत असाल, तर काढा बाहेर. लाजू नका. मी त्याच हाताचं ऐकते.